शेवटी उंदीरच ना!

आज डोकं फिरलंय त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

दुपारी एक नातेवाईक आले होते. ढब्बूच्या पिंजऱ्यात डोकावले नि म्हणाले, "शेवटी उंदीरच ना गं तो? जगणार दोन-अडीच वर्षं, त्याचं एवढं काय कौतुक!" मी हसून आत गेले. आत गेल्यावर कळलं की हसायचं नव्हतं.

अहो, हॅमस्टर आहे तो. उंदरांचा लांबचा भाऊबंद, मान्य. पण त्या रात्री त्याने काय केलं ते तुम्ही बघितलं नाहीत म्हणून बोलताय.

सूर्यफुलाच्या बिया गालात कोंबत सुटला होता. यांच्या गालांच्या पिशव्या पार खांद्यांच्या मागपर्यंत जातात, त्यामुळे थोड्या वेळात आमचं टिचभर ध्यान डोक्याकडून रुंद आणि बुडाकडून निमुळतं दिसायला लागलं. मग स्वारी निघाली बिळात, म्हणजे पुठ्ठ्याच्या नळीत. डोकं घातलं आणि अडकला! मागचे पाय हवेत सायकल चालवतायत. मी हात घालणार तेवढ्यात स्वतःच मागे सरकला, जरा वेळ नाक उडवत बसला (धड दिसत नाही यांना, सगळा कारभार नाकावर आणि मिशांवर), मग पंजाने गाल मागून पुढे दाबून दोन बिया बाहेर काढल्या. दोनच! परत घुसला, गेला आरपार. आणि मिनिटभरात रिकाम्या गालांनी येऊन त्या दोन बियाही घेऊन गेला.

दारात सोफा अडकला की तासभर एकमेकांवर खेकसणारी माणसं माझ्याच घरात आहेत. नावं घेत नाही.

आणि त्याला कमी काय आहे, वाटी तर रोज भरलेली असते. आज घरोघरी असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर १९३० साली सीरियात अलेप्पोजवळच्या शेतातून खणून काढलेल्या एका आईच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले. शेत सुटलं, साठवायची खोड काही सुटली नाही.

हां, रात्री दोनला पिंजऱ्यातल्या त्याच्या पळायच्या चाकाची घरघर सुरू झाली की मीही त्याला उंदीरच म्हणते, खोटं कशाला बोलू. पण "डांबून ठेवलंय म्हणून बिचारा पळतो" हे मला ऐकवू नका. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उघड्यावर चाक ठेवून बघितलं, २०१४ मध्ये छापूनही आलं, तर मोकळे उंदीर आपणहून येऊन पळत होते, बेडूकसुद्धा चढले. बेडूक! बरं, पिंजरा तो पिंजराच, तेवढं मानते.

राहिली ती दोन-अडीच वर्षं. तो हिशोब मला येत नाही असं वाटतं का त्यांना? ढब्बू दीड वर्षाचा झालाय. हल्ली चाकावर मधेच थांबतो, दम खातो, आणि ती घरघर थांबली की मलाच जाग येते.

जाऊ दे. ते काका काही वाईट नाहीत, त्यांनी फक्त ती नळी बघितली नाही.

आत्ता टाइप करता करता खुडखुड ऐकू आली म्हणून बघितलं. नळी मी त्या रात्रीनंतर लगेच बदललीये, दुप्पट रुंद आणलीये, अडकायचा प्रश्नच नाही. तरी तोंडाशी दोन बिया काढून ठेवल्यात पठ्ठ्याने.

थांबा, न्यायला येतो का बघते.