दात साफ केल्याने फटी पडतात म्हणे! अप्पाकाकांच्या फॉरवर्डला उत्तर

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर अप्पाकाकांनी एक मेसेज टाकला, दुपारपर्यंत तोच बिल्डिंगच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळी क्लिनिकमध्ये एका पेशंटने मोबाईल पुढे करून विचारलं, "हे खरं आहे का हो?" म्हणजे जोरात फिरतोय. थोडक्यात असा आहे: दातात अन्न अडकायला लागतं ते डॉक्टरकडे दात साफ करून घेतल्यामुळे, मशीनने दात झिजून फटी पडतात. दातांच्या फटीत घालायच्या फ्लॉसच्या दोऱ्याने त्या आणखी रुंद होतात, आपल्या आजोबांनी कधी दोरा घातला होता? वय झालं की अडकणारच. जेवल्यावर काडीने कोरा, खळखळून चूळ भरा, रात्री तुरटी, सैंधव आणि मोहरीचं तेल हिरड्यांना चोळा, २१ दिवसांत फटी बुजतात. आणि शेवटी नेहमीचं, 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत'.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. परळच्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये ११ वर्षं खुर्चीच्या बाजूला उभी राहून सक्शन, म्हणजे लाळ-पाणी ओढणारी नळी, धरतेय, त्यामुळे लोकांच्या तोंडात डोकावायची सवय झालीय एवढंच. काका, राग मानू नका.

चूळ भरण्याचं बरोबर आहे, ते सोडून देते.

आता मशीन. स्केलिंगच्या, म्हणजे दात साफ करायच्या, मशीनचं टोक दात घासत नाही, ते बारीक थरथरतं, त्या थरथरीने दाताला चिकटलेलं कीटण सुटतं आणि बरोबर पाण्याचा फवारा चालू असतो. कीटण म्हणजे दातावरचा चिकट थर, लाळेतले क्षार बसून दगडासारखा झालेला. सगळ्यात जास्त कुठे साठतं तर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच आहेत. जीभ फिरवून बघा, खालच्या दातांमागे खरखरीत लागलं तर तेच. काहींच्या तोंडात तर ते इतकं असतं की चार-पाच दातांच्या मागे एक सलग भिंतच झालेली असते. ही भिंत हळूहळू हिरडीखाली सरकते, हिरडी सुजते, रक्त यायला लागतं, आणि आतलं हाड खाली जात राहतं. म्हणजे फट तेव्हाच पडलेली असते, फक्त कीटणाने बुजलेली आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली. आम्ही कीटण काढतो, आठवडाभरात सूज उतरते, आणि पेशंट आरशात बघून म्हणतो, "तुम्ही फटी पाडल्यात." चाळीच्या भिंतीचा पोपडा खरवडला की आतली वीट दिसते, ती वीट काय खरवडणाऱ्याने झिजवलेली असते का? दाताचं वरचं कवच हे आख्ख्या शरीरातलं सगळ्यात टणक, नीट हाताने केलेल्या स्केलिंगने ते असं उडून जात नाही. नंतर काही दिवस गार पाणी झिणझिणतं हे मात्र खरं, ते आम्हीच सांगायला हवं आणि गडबडीत राहून जातं, त्यातूनच असले मेसेज तयार होतात असं माझं मत.

दोरा. आजोबांनी दोरा घातला नाही, कबूल. आजोबांची कवळी रात्री स्टीलच्या पेल्यात असायची हेही काका तुम्हाला आठवत असेल, तो पेला कपाटावर लपवून ठेवायचात तुम्हीच.

दात हा हाडात सिमेंटने पक्का केल्यासारखा नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो, जरासा हलतो आणि परत जागेवर येतो, दोरा जाऊन आला म्हणून तो कायमचा बाजूला सरकत नाही. ब्रश कितीही घासा, दोन दात एकमेकांना टेकतात त्या जागी तो पोचतच नाही, आणि दोन दातांमधली कीड सुरू होते ती बहुतेक वेळा तिथेच, टेकण्याच्या जागेच्या जरा खाली. साधारण हातभर म्हणजे ४५ सेंटीमीटर दोरा घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, करवतीसारखा हळू हळू आत न्यायचा, खाडकन खाली हाणायचा नाही, मग एका दाताला वळसा देऊन वरखाली, नंतर शेजारच्या दाताला. पहिले काही दिवस रक्त येईल, आठ-पंधरा दिवसांनीही येतच राहिलं तर दाखवायचं. आणि दोरा तुम्हाला बातमीही देतो. सगळीकडे सरळ जातो पण एकाच ठिकाणी दर वेळी त्याचे तंतू सुटतात, तर तिथे दातात भरलेल्या सिमेंटची कड बाहेर आलीय किंवा कीड लागलीय. एकाच ठिकाणाहून घाण वास घेऊन बाहेर येतो, तरी तेच.

वयाचं म्हणणं अर्धं खरं आहे. वयानुसार दात झिजतात, हिरड्या थोड्या उतरतात, दातांच्या मुळाशी त्रिकोणी जागा दिसायला लागते. पण मेसेजमध्ये 'होणारच' म्हटलंय ना, त्याने घोळ होतो, कारण मग माणूस बघायलाच जात नाही. मेथी एखाद दिवशी अडकली तर दोष मेथीचा. पण चवळीच्या सालापासून मटणाच्या धाग्यापर्यंत सगळं रोज उजवीकडे त्याच एका जागी अडकत असेल तर तिथे काहीतरी बदललंय. दोन दाढांमध्ये आतून कीड लागून खड्डा पडलेला असतो, वरून दाढ चकाचक दिसते, चावून धरायचा छोटा एक्स-रे काढला की कळतं. किंवा जुनं सिमेंट तुटलेलं असतं, कॅप बाजूच्या दाताला नीट टेकत नसते. किंवा अक्कलदाढ आडवी आलेली असते.

आणि सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे काढलेला दात. 'दाढ काढली, सुटलो, मागचीच होती, कोणाला दिसतेय' असं म्हणून तिथे परत काही बसवलेलं नसतं. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौघं दाटीवाटीने बसलेले असतात, दादरला एक उठला की उरलेले कसे ऐसपैस पसरतात? दातांचं तसंच, बाजूची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली त्या जागेत उतरायला लागते, आणि ज्या दाढा एकमेकींना घट्ट टेकून होत्या त्यांच्यात जागा होते. त्यात समोरच्या दाढेचं टोक नेमकं त्या जागेवर येत असेल तर ते खलबत्त्यातल्या बत्त्यासारखं प्रत्येक घास आत ठोकतं. मग कितीही चुळा भरा.

म्हणून उपायही एक नसतो. कीड असेल तर सिमेंट, पण दोन दाढा परत टेकतील असं भरलेलं, नाहीतर अडकणं तसंच. कॅप सैल टेकत असेल तर बदलायची. समोरचं टोक ठोकत असेल तर डॉक्टर ते किंचित घासून बोथट करतात. दात काढलेला असेल तर ब्रिज (बाजूच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवलेला) किंवा काढता-घालता येणारा दात, आणि हिरडी उतरून जागा मोकळी झाली असेल तर दोऱ्यापेक्षा दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश बरा, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असतं तसा, फटीच्या मापाचा घ्यायचा, घुसवायचा नाही.

काडीवर मात्र मी चिडते. मागच्या पावसाळ्यात एक मासेवाल्या मावशी आल्या, हिरडी टम्म सुजलेली, आठ दिवस ताप आल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या, त्यातल्याच एकीने त्या रोज जेवल्यावर कोरायच्या, आणि ती हाताशी नसली की आगपेटीची काडी. डॉक्टरांनी हिरडी बाजूला करून पाण्याने धुतलं तर आतून काडीचं टोक निघालं, तांदळाच्या कणीएवढं, काळं पडलेलं. मी ते कापसावर घेऊन त्यांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढुसं?" दोन दातांमधली हिरडीची त्रिकोणी कळी रोज टोचून टोचून एकदा गेली की सहसा परत येत नाही, आणि ती गेली की अन्नाला तिथे घरच मिळतं. म्हणजे अडकतं म्हणून कोरायचं आणि कोरलं म्हणून अजून अडकायचं.

राहिली २१ दिवसांची तुरटी. तुरटीने हिरडी थोडा वेळ आवळल्यासारखी वाटते, त्यालाच लोक फट बुजली समजतात. उतरलेलं हाड चोळून वर येत नाही, आणि मिठाचे खडे हिरडीवर रगडले तर ती सोलवटते. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ चांगली, पण ते चोळणं नाही.

त्या मेसेजखाली घरच्यांनी भर घातली ती वेगळीच. कुणी लवंगेचं तेल सुचवलं, त्याने दुखणं खरंच बधिर होतं पण कीड आत चालूच राहते, आणि जास्त लावलं तर हिरडी भाजते. आत्याने मिश्री लिहिली, आत्या, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू आहे, दाताचं राहू दे, तोंडाच्या कॅन्सरचं बघ. आणि भाच्याने व्हिडिओ टाकला, पुढच्या दोन दातांना छोटं रबर लावून फट बंद करायचा. ते कुणीही करू नका. रबर हळूहळू दाताच्या मुळावर चढून हिरडीत शिरतं, बाहेरून दिसेनासं होतं, आतलं हाड खात जातं, आणि चांगले दात हलून काढायची वेळ येते.

बाकी काका, तुम्ही होळीला पुरणपोळी खाताना प्रत्येक घासानंतर उजव्या गालात जीभ फिरवत होतात, आणि मग गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहून काहीतरी कोरत होतात, काकूने आणि मी दोघींनी पाहिलंय. तिथली खालची दाढ तुम्ही काढलीत त्याला बरीच वर्षं झाली आणि तिथे काहीच बसवलेलं नाही. प्रायव्हेटचा खर्च नको असेल तर मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आहे, नाहीतर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज. केस पेपर काढायला सकाळी लवकर जायला लागतं. गुरुवारी माझी सुट्टी आहे, मी येते बरोबर, तेवढी ती काड्यांची डबी घरी ठेवून या.