एक स्टार दिलेल्या अंबडच्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, डोक्यातून जाईना म्हणून सकाळी शटर उघडायच्या आधीच लिहायलोय. तुम्ही म्हणता जुन्या वेल्डिंग मशीनमधले ४ आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे पार्ट) आमच्याकडून नेले, पाठीवर उष्णता पुढं न्यायची पांढरी पेस्ट वाळून चिकटलेली होती, बसवले तर अर्ध्या तासात २ उडाले, आणि जालन्यात हे दुकान भंगार विकायलंय.

पेस्ट लागलेला माल दिला हे खरंय आणि ती चूक आमचीच हाय. पार्ट काढला की मीटरवर चेक, मग पेस्ट साफ, मग डबीत, अशी आमची पद्धत. त्या दिवशी मी गावाला होतो आणि काउंटरवरच्या पोरानं साफ व्हायच्या ट्रेमधूनच काढून दिले. त्याला बोललो नाही, ट्रेवर चिठ्ठी लावायचं काम माझं होतं. आता लावलीय.

पण भंगार म्हणलात ते लागलं. आमचा माल भंगारातूनच येतो, फॅब्रिकेशनवाल्यांची बंद मशीन आम्ही वजनावर घेतो, लपवायचं काय त्यात. पण प्रत्येक पार्ट चेक करूनच देतो. नवा म्हणून मिळणाऱ्या मालात जुना नंबर घासून दुसरा छापलेले बी निघतात, त्यापेक्षा चालत्या मशीनमधून काढलेला ओरिजिनल मला जास्त भरवशाचा वाटतो.

तुम्ही एसटीनं परत पाठवलेले पार्ट, मायका (करंट अडवणारा अभ्रकाचा पापुद्रा) आणि हीटसिंक (पार्टची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा तुकडा) मी काल भिंगाखाली बघितले. हीटसिंकवर स्क्रूड्रायव्हरनं खरडल्याच्या तिरप्या रेघा हायत, आणि एका रेघेच्या टोकाला ॲल्युमिनियमचा बारीक काटा उभा राहिलाय, नखाला लागतो. बरोबर त्याच जागी मायकाला सुईच्या टोकाएवढं भोक आणि भोवती काळा डाग. आयजीबीटीची पाठ म्हणजे कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक, नुसतं लोखंड समजू नका, तिच्यात करंट असतो. तुमच्या मशीनमध्ये चारी एकाच हीटसिंकवर, मध्ये फक्त तो मायकाचा पापुद्रा. स्क्रू आवळला, गरम होऊन सगळं फुगलं, काटा आरपार गेला आणि शॉर्ट. वरून जुन्या वाळलेल्या थरावरच नवी पेस्ट भाकरीला लोणी लावल्यासारखी थापलेली. पेस्टचं काम फक्त दोन धातूंच्या मधली बारीक फट भरायचं, कारण फटीत हवा राहिली की उष्णता पुढं जात नाही. पण पेस्ट धातूच्या मानानं लई कमी उष्णता नेते, जाड थर दिला की उलट अडवते. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२ डिग्री असतं, पत्र्याच्या शेडात तर विचारूच नका.

तुम्ही खरडलं ते आमच्यामुळं खरडावं लागलं, हे मला मान्य हाय.

इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी बी सांगतो, आम्ही कसं साफ करतो. पांढरी पेस्ट म्हणजे बहुतेक सिलिकॉन तेल आणि झिंक ऑक्साईडची पावडर, वर्षानुवर्षं गरम होऊन तेल निघून जातं आणि खाली खडूसारखी पावडर राहते. आधी कोरडंच काढायचं, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं नाहीतर बांबूच्या काडीनं, लोखंड लावायचंच नाही. पहिल्यांदाच लिक्विड ओतलं की ती सगळीकडं पसरते. मग ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), धोतराच्या जुन्या धुतलेल्या तुकड्यावर घेऊन एका दिशेनं पुसायचं, दर वेळी कापडाची नवी बाजू, आणि कापडावर पांढरं यायचं थांबलं की बस. लई कडक असेल तर आयपीएत भिजवलेला कापूस १० मिनिटं ठेवून द्यायचा. हँड सॅनिटायझर नका वापरू, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, थर मागं राहतो. रॉकेलनं सुटते पण तेलकटपणा राहतो, वरून परत आयपीए मारावंच लागतं. पार्टच्या पायांना ते कापड लावू नका, सिलिकॉन लागलं की सोल्डरिंगचं शिसं धरत नाही. आणि आयपीए लगेच पेट घेतं, सोल्डरिंग गन बाजूला ठेवूनच करा.

पॉलिश पेपर तर नकोच. जुन्या वायरलेस सेटच्या काही पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये पांढरी सिरॅमिक असते ती बेरिलियम ऑक्साईडची असू शकते, तिची धूळ फुफ्फुसात गेली तर कायमचा आजार होतो. तसला पार्ट आला तर आम्ही घासत बी नाही आणि फोडत बी नाही.

भाऊ, तुमचे चारीचे पैसे परत देतो, आणि ४ साफ केलेले, तुमच्यासमोर चेक करून, फुकट देतो. रिव्ह्यू बदला म्हणून नाही, तो राहू द्या. पण नुसते पार्ट घेऊन जाऊ नका, मशीनच घेऊन या. आयजीबीटी उडतो तेव्हा बहुतेक वेळा गेटचे (त्याला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या टोकाचे) रेझिस्टन्स आणि झेनर डायोड बी सोबत नेतो, ते न बघता नवे बसवले तर हे ४ बी जातील. हीटसिंकवरचा तो काटा मी काचेवर सपाट घासून देतो, मायका नवा लावतो. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधी बी १० नंतर या, मी असतोच.