केळी, केयी आणि केला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाळाच्या भाषेवरील माझ्या लेखाविषयी आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘वर्षभरात मेंदूचे दार परक्या ध्वनींना बंद होते’ असे लिहून मी नागपूरच्या बहुभाषिक घरांतील आईवडिलांना घाबरवले, हा पहिला. आणि ‘भाषा डाव्या मेंदूत असते’ हे जुनेच सूत्र पुन्हा गिरवले, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. भाषेची केंद्रे डाव्या मेंदूत असल्याचे ब्रोका या डॉक्टरांनी 1861 मध्ये आणि वेर्निके या डॉक्टरांनी 1874 मध्ये जे दाखवले, ते मोठ्या माणसांच्या इजा झालेल्या मेंदूंवरून. जन्माच्या सुमारास डाव्या गोलार्धाला पक्षाघाताची इजा झालेल्या काही मुलांमध्ये मात्र उजव्या गोलार्धातील नेमक्या समोरासमोरच्या भागांनी भाषेचे काम उचलले आणि ती मुले व्यवस्थित बोलू लागली. तीच इजा साठाव्या वर्षी झाली, तर वाचाघात, म्हणजे बोलण्या-समजण्यातला बिघाड, जन्मभर पुरण्याची भीती असते. म्हणजे डावी बाजू ही मेंदूची पहिली पसंती आहे, सक्ती नव्हे, आणि हे मी लिहायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी पूर्ण माघार घेणार नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतला फरक कळत होता; दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांना तो कळतच होता. कान बधिर झाले, असा याचा अर्थ नाही. जो फरक आसपासच्या बोलण्यात कधी कामी येत नाही, तो मोजणे मेंदू सोडतो, इतकेच. (मोठेपणी सरावाने असा फरक बराचसा परत शिकता येतो, म्हणून ‘दार बंद’ ही माझी उपमा भडकच होती.)

आता आपल्या शहराचे पाहा. माझी भाची तीन वर्षांची आहे आणि तिची आजी मूळची अमरावतीकडची, ‘ळ’ला ‘य’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी बोलीची. परवा दारात ठेला आला, तेव्हा ती ठेलेवाल्याला म्हणाली, “भैया, केला है क्या?”, मग आत वळून आजीला, “केयी आली”, आणि लगेच आईला, “आई, केळी घे ना.” कोणाशी ‘ळ’ आणि कोणाशी ‘य’, हे तिला कोणी शिकवलेले नाही. याला मेंदूचा गोंधळ कसे म्हणायचे? तिला एकट्या मराठीतले शब्द कदाचित कमी येत असतील. पण दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती दोन्ही भाषा मिळूनच मोजावी लागते, आणि तशी मोजली की तूट बहुधा उरत नाही.

म्हणून मूल बोलायला उशीर करत असेल, तर घरातली एक भाषा बंद करण्याआधी त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी, हा सल्ला मी कायम ठेवतो. ‘दार बंद होते’ हे वाक्य मात्र लेखातून काढून तिथे ‘मेंदू रोजच्या कामाचे ध्वनी निवडतो’ असे केले आहे.