दोनच तर नावं द्यायचीत!

हिंजवडीतल्या कंपनीनं तुम्हाला निवडलं, पगाराची घासाघीस संपली, आईनं देवापुढे पेढे ठेवले. आणि आता एचआरचा मेल आलाय : दोन प्रोफेशनल रेफरन्स पाठवा, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा दोघांची नावं. घाबरताय कशाला? पासपोर्टच्या अर्जातही दोन नावं लागायची, तिथे आपण शेजारचे काका टाकायचोच की.

पहिलं नाव मोठ्या माणसाचं हवं. थेट व्हाइस प्रेसिडेंट. तुमची-त्यांची ओळख लिफ्टपुरती? ऑफिसच्या गणपतीत त्यांनी तुमच्या हातात आरतीचं ताट दिलं होतं ना, मग झालं तर! तुमच्या कामाबद्दल ते काय सांगणार, हा त्यांचा प्रश्न.

दुसरं नाव शेजारच्या डेस्कवरच्या मित्राचं. कागदावर त्याला खुशाल तुमचा मॅनेजर करा. जुन्या नोकरीच्या तारखाही दोन-चार महिने ताणा, मित्र सांभाळून घेईल. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, २०१४पासून माणसाच्या सगळ्या नोकऱ्या एका दोऱ्यात ओवतोय, पण त्याचं आत्ता काय!

मुख्य म्हणजे, यांच्यापैकी कुणालाही आधी कळवू नका. सरप्राइज असू द्या. दुपारी जेवणाच्या वेळी अनोळखी नंबरवरून फोन येईल. पलीकडची पडताळणीवाली मुलगी तुमचं पूर्ण नाव घ्यायच्या आत मित्र ‘लोन नकोय हो’ म्हणून फोन ठेवेल. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो नंबर ब्लॉक.

समजा उचललाच, तर खरी मजा पुढे आहे. ती विचारते, ‘उमेदवाराचं काम कसं होतं?’ मित्र विचार करतो आणि मनापासून सांगतो, ‘तसा बरा आहे.’ आपल्याकडे याहून मोठं कौतुक नाही. जावयालाही आपण एवढंच म्हणतो. पण ती मुलगी हे इंग्रजीत टाइप करते, आणि तिथे तुम्ही निव्वळ ‘ॲव्हरेज’ उरता. मग शेवटचा प्रश्न : ‘संधी मिळाली तर त्यांना परत कामावर घ्याल?’ इथे मित्र हसतो. का हसला, ते रिपोर्टात येत नाही.

अजून राजीनामाच दिला नसेल, तर सध्याच्या साहेबांचं नाव हमखास टाका. तुम्ही चाललात ही बातमी त्यांना पडताळणीवाल्यांकडूनच कळू द्या. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड मग किती आपुलकीत जातो बघा.

आणि जुन्या मॅडम, ज्यांनी तुम्हाला काम शिकवलं, तुमच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या? त्यांना तीन वर्षांत एक फोन केला नाही, आता कुठल्या तोंडाने करायचा? राहू द्या. त्यांनी चांगलंच सांगितलं असतं, हा भाग वेगळा.

तरीही नोकरी लागलीच, तर पेढे घरातच संपवा. वर्षभरानं एखाद्या दुपारी तुमच्या फोनवर अनोळखी नंबर वाजेल. शेजारच्या डेस्कवाल्यानं तुमचं नाव दिलेलं असेल. तेही न विचारता.