पाचवा गिअर, पाचशे रुपये

पावती समोर आहे. सोसायटीचा गोल शिक्का, खाली खजिनदारांची सही आणि तपशिलाच्या रकान्यात निळ्या बॉलपेनने लिहिलेलं : 'टब (ऑइल)'. रुपये ५०० फक्त. त्यातलं ते 'फक्त' मला रविवारपासून झोपू देत नाहीये.

बाबांची १९९६ची मारुती ८०० माझ्याकडे आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बुरेटर आणि गिअर चार. गावात तिच्याइतकी गुणी गाडी नाही. पण हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की चौथ्या गिअरमध्ये ती असा टाहो फोडते की डावा हात आपोआप पाचवा शोधायला जातो आणि तिथे काहीच नसतं. अंधारात जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं होतं. नंतरच्या काही ८०० पाच गिअरच्या आल्या. २०१४ साली ही गाडी कारखान्यातून बंद झाली, भंगारात मात्र ती अमर आहे. तसा एक पाच गिअरचा गिअरबॉक्स मी बुधवारी जुन्या बाजारातून साडेचार हजारांना उचलला. विकणारा म्हणाला, "गिअर मक्खन पडतात साहेब." गाडीशिवाय जमिनीवर पडलेल्या डब्यातले गिअर मक्खन पडतात हे याला कुठून कळलं, हा प्रश्न मला रिक्षात बसल्यावर सुचला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पोतं अंथरून त्याची आंघोळ काढली. आधी सगळ्या भोकांत चिंध्या कोंबायच्या, नाहीतर बाहेरची घाण आत जाते. मग खरवडायला घ्यायचं. वरचा थर चिखलाचा, त्याखाली ऑइलचा, त्याखाली पुन्हा चिखल, त्यात वाळलेलं गवत आणि शाम्पूची एक रुपयावाली पुडी. उत्खनन करणाऱ्यांना यावरून माणसाची संस्कृती कळते म्हणे. मला एवढंच कळलं की आधीचा मालक गाडी धुताना तिच्याखाली कधी वाकला नव्हता.

खरं तर या कामाला रॉकेल हवं. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात मोरीजवळ रॉकेलचा डबा असायचा, रेशनच्या निळ्या रॉकेलचा, आणि सायकलची चेन, स्टोव्ह, ढेकूण सगळं त्यातच निघायचं. आता दुकानात रॉकेल मागितलं की दुकानदार आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपणच एकदा घरी फोन करून सगळं ठीक आहे ना विचारावं. शेवटी पत्र्याचा डबा घेऊन पंपावर गेलो. तिथल्या पोराने विचारलं, "गाडी कुठाय?" म्हटलं, गाडीला नकोय, गिअरबॉक्स धुवायचाय. त्याने डिझेल दिलं, पण माझ्याकडे बघत बघत दिलं.

तर मी उकिडवा बसून ब्रश मारतोय, कोपरापर्यंत काळा. तेवढ्यात बी विंगमधल्या एक बाई आल्या. सहा वर्षं आम्ही एका लिफ्टने जातो, 'अहो तुमचा मुलगा यंदा कितवीत' वगैरे चौकशी असते. त्या म्हणाल्या, "ए दादा, झालं की माझ्या ॲक्टिव्हाचा आवाज बघ रे जरा. किती घेशील?" मी मान वर केली. त्या ओशाळल्या, हसल्या, निघून गेल्या. मी पण हसलो. पण ते काही मला गमतीचं वाटलं नाही. हाताला काळं लागलं की 'अहो'चं 'ए' व्हायला चार सेकंद लागतात, हे ज्यांच्या हाताला रोजच काळं असतं त्यांनी किती वेळा ऐकलं असेल? माझ्या मेकॅनिकला मी स्वतः वर्षानुवर्षं 'अरे-तुरे' करतो. तो माझ्यापेक्षा मोठा आहे. असो.

मग काका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हातात दुधाच्या दोन पिशव्या, अंगात बंडी. ते थांबले, आणि पुण्यात माणूस थांबला की तो चौकशी पूर्ण झाल्याशिवाय हलत नाही.

"काय आहे हे?"

"गिअरबॉक्स."

"कोणाचा?"

"माझाच. गाडीचा."

"गाडी तर तिकडे उभी आहे."

"हा दुसरा आहे काका. पाच गिअरचा. माझ्या गाडीत चारच आहेत ना."

"मग?"

हे 'मग' लिहून दाखवता येत नाही. त्यात प्रश्न नसतो, निकाल असतो.

"मग पाचवा पाहिजे म्हणून बदलतोय."

काकांनी दुधाच्या पिशव्या माझ्या टूलबॉक्सवर ठेवल्या. "हे बघ. माझी गाडी २००४ची. तिला पाच गिअर आहेत. कंपनीने दिले, मी नाही म्हटलं नाही. पण मी तिसऱ्याच्या पुढे गेलेलो नाही."

"कधीच?"

"गरज काय? बँक, मंडई, डॉक्टर. वर्षातून एकदा सासवड. दिवे घाट मी तिसऱ्यावर चढतो आणि तिसऱ्यावरच उतरतो."

"पण इंजिन ओरडत असेल हो."

"ओरडतं. मला कमी ऐकू येतं."

माझा ब्रश हातातच राहिला.

"चौथा एकदा पडला होता," काका आवाज खाली आणून म्हणाले. "२०११ साली, कात्रज बायपासला. दुसरा टाकायला गेलो आणि चौथा पडला. लगेच काढला. म्हणजे तसा तो कोराच म्हणायचा. पाचवा तर सीलबंद आहे. विकायची वेळ आली की मी जाहिरातीत लिहिणार आहे."

मी त्यांना समजवायचा मूर्खपणा केला. चौथ्यापेक्षा पाचव्यात इंजिनच्या फेऱ्यांच्या मानाने चाकांकडे जाणारा दांडा जास्त फिरतो, म्हणून त्याच वेगाला इंजिन निवांत चालतं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे साहेब कमी फिरणार आणि शिपाई जास्त. आमच्या खात्यात होता हा गिअर."

एवढ्यावर ते गेले असते तर पाचशे रुपये वाचले असते. पण मी तेव्हा आतलं ऑइल काढायला घेतलं, आणि जुन्या गिअर ऑइलच्या वासाला प्रेक्षक जमतातच. गंधकाचा वास तो, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा. ऑइल कशात धरायचं? पंपखोलीपाशी एक निळा प्लास्टिकचा टब उपडा पडला होता. मी तो ओढला. टब सोसायटीचा आहे हे मला ठाऊक होतं. कशासाठीचा आहे हे ठाऊक नव्हतं. ऑइल पडून झाल्यावर तिरका केला, तेव्हा तळाशी पांढऱ्या रंगाने लिहिलेलं 'मोरया' हळूहळू वर आलं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुधाच्या पिशव्या टूलबॉक्सवरून उचलून हातात घेतल्या.

डबा उघडला. तळाच्या लोहचुंबकावर काजळासारखा करडा लेप होता. हा चालतो, दात एकमेकांवर घासतात, थोडं लोखंड सुटणारच. लेपात टोचणारे तुकडे सापडले तर मात्र डबा परत पोत्यात घालायचा. मी लेप चिमटीत घेऊन चोळला. तुकडे नव्हते.

"गाळ आहे," काका म्हणाले. "गाळ असणारच. गाळ नसेल तर समजायचं पाणी वाहिलंच नाही." दिवसभरात त्यांनी काढलेलं हे एकच वाक्य मला मान्य होतं.

मग मी गिअर जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा बोल्ट सोडवायला घेतला. या बोल्टखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली हरभऱ्याएवढा पोलादी छरा. गिअर पडताना हाताला जी 'टक' लागते, ती या छऱ्याची. तो नसेल तर गिअर खड्ड्यात आपोआप सुटतो. बोल्ट सोडवताना वर बोट धरायचं असतं. मी धरलं होतं. पण नेमके त्याच क्षणी काका म्हणाले, "याला आरटीओची परवानगी लागते का रे?" आणि मी वर बघितलं. स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली. छरा खांबावर आपटून टण्ण वाजला आणि नाहीसा झाला.

स्प्रिंग सापडली. छरा नाही. मी चार गाड्यांखाली आडवा पडून शोधला, मोबाइलचा टॉर्च लावून शोधला, वॉचमनला शोधायला लावलं. काका तोवर निघून गेले होते, आणि मला बरं वाटलं होतं.

दुपारी शांतपणे तपासणी झाली. गिअर आणि त्याला जोडणारी दातेरी बाही वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ती मिळण्याआधी त्यांचा वेग सारखा करते ती पितळी सिंक्रो रिंग. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय गाडीत आणली, त्याआधी सगळं जग डबल क्लचवर चाललं होतं, आणि आपले जुने एसटीचे ड्रायव्हर तर त्यानंतरही कितीतरी वर्षं मधे न्यूट्रलला थांबून, क्लच दोनदा दाबून, शिंक आल्यासारखा रेझ देऊन गिअर टाकायचे. ती रिंग गिअरच्या कोनावर दाबून धरायची आणि मधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवायची. नव्या रिंगला मिलिमीटरभर किंवा जरा जास्त फट असते. अर्ध्याच्या खाली गेली की रिंग बाद. पहिला ठीक. तिसरा ठीक. चौथा बरा. दुसरा : ०.४. म्हणजे दुसरा टाकताना 'खर्र'. हे विक्रेत्याचं मक्खन.

पाचवा मुख्य डब्यात नसतोच. तो शेवटच्या झाकणाखाली वेगळा राहतो, ओसरीवर बसवलेल्या पाहुण्यासारखा. झाकण काढलं आणि मी बघतच राहिलो. दाते लखलखीत, टोकं जशीच्या तशी, रिंगवरच्या बारीक रेषासुद्धा शाबूत. दुसरा झिजून गेलेला आणि पाचवा कोरा! हा डबा कुठल्या शहरात फिरला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय त्याचा मालक कुठल्या प्रकारचा गृहस्थ असेल, तेही मला त्याच सकाळी प्रत्यक्ष भेटलं होतं.

दुसऱ्याची रिंग नाना पेठेत मिळेल. छरा कुठेही मिळतो, पण नेमक्या मापाचा हवा, आणि मापायला जुना हवा. आठवडाभर मी ऑफिसला जाता-येता पार्किंगच्या फरशीकडे बघत चालत होतो. लोकांना वाटलं, मला काहीतरी झालंय.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. विषय पहिला : चौथ्या मजल्यावरच्या बाल्कन्यांची गळती. विषय दुसरा : विसर्जनाच्या टबाचा गैरवापर. मी मागे बसलो होतो. काका उठले, बंडीच्या खिशात हात घातला आणि म्हणाले, "उतार. सगळा प्रश्न उताराचा आहे. पाणी मोरीकडे जायला हवं, ते दिवाणखान्यात येतं. मी प्रयोग केलाय, सात दिवस, रोज सकाळी. हा बघा पुरावा." आणि त्यांनी माझा छरा सगळ्यांसमोर धरला.

मी उभा राहिलो. "काका, तो माझा आहे."

"तुझा कसा? मला पार्किंगमध्ये सापडला. सायकलचा असेल वाटलं."

"त्याच्यावाचून माझा गिअर सुटेल हो."

"पण तू तिसऱ्यावर चालव ना," काका म्हणाले. लोक हसले. बी विंगच्या बाई सगळ्यांत जास्त हसल्या.

मग काकांनी प्रात्यक्षिक दाखवलं. हॉलच्या फरशीवर छरा सोडला. तो क्षणभर थांबला, विचार केल्यासारखा, आणि डावीकडे निघाला. "बघा! इथेही उतार चुकलाय!" छरा खुर्च्यांच्या पायांमधून, चपलांच्या ढिगाला वळसा घालून, थेट कमिटीच्या टेबलाखाली गेला. मी पण गेलो. गुडघ्यांवर, हातांवर, टेबलाच्या कापडाखाली. वर अध्यक्ष विषय दुसरा वाचत होते. खजिनदारांच्या पायांच्या आणि भिंतीच्या मध्ये, फरशीच्या सांध्यात छरा अडकला होता. नखाने निघेना. वरून आवाज आला : "पाचशे रुपये दंड. कोणाची हरकत?" मी टेबलाखालून "थांबा, माझी आहे," म्हणालो आणि डोकं आपटलं. "सर्वानुमते," अध्यक्ष म्हणाले.

याच सोसायटीत तिघं जण रोज सकाळी अर्धा-अर्धा तास पाइप लावून गाड्या धुतात. उन्हाळ्यात टँकर मागवतो आम्ही. त्यावर विषय पहिला नाही, दुसरा नाही, विषयच नाही. मी टब डिटर्जंटने तीनदा धुऊन दिला, तरी नवा टब येणार, माझ्या पैशांनी. नवा घ्यावा, ठीक आहे, चूक माझीच होती. पण जुना टब मला मिळायला नको का? विचारलं, तर म्हणाले, "तो सोसायटीचा आहे."

छरा शेवटी स्क्रू ड्रायव्हरने निघाला. मी तो रुमालात बांधून जिन्याने वर चाललो होतो, तर मागून काका आले, दोन पायऱ्या चढून थांबले, धाप टाकली.

"सापडला का?"

"सापडला."

"मग परत दे जरा. किचनचा उतार राहिलाय."