२५ हजारांचा रंग पडतो ४८ हजारांना

पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम १९ लाख ९० हजार, स्वतःच्या नावावर, ठाण्याचं म्हणजे एमएच ०४ चं पासिंग. रोड टॅक्स १२ टक्क्यांनी २,३८,८०० रुपये. आता हीच गाडी काळ्या छताच्या ड्युअल टोन रंगात घ्या आणि त्याचे २५ हजार जास्त धरा. किंमत झाली २०,१५,०००. वीस लाख ओलांडले की दर १३ टक्के होतो, आणि तो वरच्या १५ हजारांवर नाही, सगळ्या रकमेवर लागतो. टॅक्स २,६१,९५०. फरक २३,१५० रुपयांचा. म्हणजे २५ हजारांचा रंग ४८,१५० रुपयांना पडला.

घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये बसा नाहीतर तुर्भ्याच्या, ब्रोशरमध्ये फक्त २५ हजार दिसतात. उरलेले 'आरटीओ' नावाच्या ओळीत मिसळून जातात आणि ती ओळ कोणी तपासत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष हप्त्याकडे असतं.

वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी टॅक्स असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांवर १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी असेल तर सरसकट २०. टॅक्स ठरतो गाडीच्या एक्स-शोरूम किमतीवर, आणि कारखान्यातून बसून आलेली प्रत्येक गोष्ट त्या किमतीचाच भाग असते: रंग, सनरूफ, मोठी चाकं, लेदर, महागडी म्युझिक सिस्टीम, सगळं.

शिवाय यात टॅक्सवर टॅक्स आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागतो. पेट्रोल १२०० सीसीच्या वर, डिझेल १५०० सीसीच्या वर किंवा लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, म्हणजे महागड्या गाड्या जवळपास सगळ्याच आल्या. कारखान्यात १ लाखाला पडणारा ऑप्शन जीएसटी धरून १ लाख ४० हजारांचा होतो. त्यावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी १८,२००. एकूण १,५८,२००, आणि इन्शुरन्स अजून बाकीच आहे. जीएसटीच्या रकमेवरही राज्याचा टॅक्स बसतो हे बहुतेकांना गाडी दारात आली तरी कळलेलं नसतं. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, वेगळा. तो मात्र तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे त्याला खर्च समजू नका, फक्त विसरू नका.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वरचं टोक. २०१७ मध्ये राज्याने या टॅक्सवर २० लाखांची कमाल मर्यादा घातली आणि १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख केली. १३ टक्क्यांनी ३० लाख भरतात साधारण २ कोटी ३१ लाखांच्या गाडीला, १५ टक्क्यांनी २ कोटींच्या डिझेल गाडीला. त्यापुढे कितीही ऑप्शन घ्या, रोड टॅक्स एक रुपयाही वाढत नाही. अडीच कोटींच्या गाडीत २० लाखांचं लेदर आणि खास रंग घेणाऱ्याला त्यावर शून्य टॅक्स, आणि वीस लाखांच्या रेषेवर उभ्या असलेल्याला २५ हजारांच्या रंगावर जवळपास ९३ टक्के. हा उलटा न्याय आहे. इन्कम टॅक्समध्ये वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. तसंच इथे केलं तर त्या रंगाचा वाढीव टॅक्स ३,१५० रुपये होईल. यासाठी नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही, फक्त आकारणीचं सूत्र बदलायचं आहे, आणि आपल्या आमदारांकडे मागावी अशी ही साधी मागणी आहे.

ब्रिटनमध्येही अशीच रेषा आहे. १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या आणि ४० हजार पौंडांवर लिस्ट प्राइस (कंपनीने जाहीर केलेली किंमत) असलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीला दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा टॅक्स लागतो, २०२५-२६ मध्ये वर्षाला ४२५ पौंड. कारखान्यातले ऑप्शन त्यात मोजतात, डीलरने दिलेली सूट मोजत नाहीत. म्हणजे ३९,९०० पौंडांच्या गाडीला ३०० पौंडांचा रंग घेतला की पाच वर्षांत दोन हजारांवर पौंड गेले. पण ही रेषा तिथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना आधीपासून ठाऊक असते. आपल्याकडे ती कोटेशनमध्येच लपते.

मग करायचं काय? बुकिंगची रक्कम देण्याआधी प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे पक्क्या बिलाआधीचं कच्चं बिल, मागा आणि एक्स-शोरूमची रक्कम कशाकशाची मिळून झाली ते ओळीओळीने लिहून घ्या. ॲक्सेसरीजचं बिल वेगळं असतं आणि त्यावर रोड टॅक्स लागत नाही. वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजही गाडीच्या किमतीत धरायचं नसतं. ते तिथे घुसलं असेल तर काढायला लावा. 'चाळीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री' या ऑफरला भुलू नका: त्याने एक्स-शोरूम किंमत खाली येत नाही, म्हणून टॅक्सही खाली येत नाही. गाडी १० किंवा २० लाखांच्या आसपास असेल तर व्हेरियंट आणि रंग ठरवण्याआधी कॅल्क्युलेटर उघडा.

याचा अर्थ सगळं बाहेरून बसवा असा अजिबात नाही. माझा नियम असा: जे वायरिंगला, काचेला, छताला किंवा एअरबॅगला हात लावतं ते कारखान्यातलंच घ्या, टॅक्स भरून घ्या. बाहेरून छत कापून बसवलेलं सनरूफ पावसाळ्यात गळू शकतं, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्या छताच्या मूळ रचनेत नसतात. मेन वायरिंग कापून बसवलेल्या स्टिरिओने ३६० अंशांचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद पडू शकतात आणि वॉरंटीवर वाद होतो. सीट कव्हर हा सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. साइड एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेतूनच उघडते, आणि जाड कव्हरची शिवण तिथे आली तर ती अडते. लेदरच हवं असेल तर कारखान्यातलं घ्या, नाहीतर एअरबॅगच्या जागी सुटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या. बंपरपुढे लावतात तो लोखंडी बुल गार्ड घेऊच नका, त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि तो धडकेचे सेन्सर नीट काम करू देत नाही.

मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर, बूट ट्रे मात्र खुशाल पासिंगनंतर घ्या. मॅट टाकताना जुनी काढून मगच नवी टाका, एकावर एक दोन मॅट आल्या की ॲक्सिलरेटर अडकू शकतो. डॅशकॅम (काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा) गाडी बंद असतानाही चालू राहणाऱ्या वीजजोडणीवर लावला तर चार दिवस सोसायटीत उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. तो इग्निशनच्या फ्यूजवर घ्या किंवा व्होल्टेज खाली गेलं की बंद होणारं किट लावा.

कारखान्यातला ऑप्शन ॲक्सेसरीजच्या बिलात दाखवून टॅक्स वाचवून देतो, असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. कंपनीने डीलरला दिलेल्या इनव्हॉइसमध्ये चॅसी नंबरनिहाय तो ऑप्शन लिहिलेला असतो. तफावत सापडली की वसुली गाडीच्या मालकाकडून होते. इन्शुरन्सचा तोटा वेगळाच. गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्ससाठी धरलेली गाडीची किंमत, उत्पादक कंपनीच्या विक्री किमतीवरून ठरते, आणि ऑप्शन त्यात नसेल तर टोटल लॉस (गाडी दुरुस्तीपलीकडे गेली) झाला की त्याचे पैसे मिळत नाहीत. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागते. प्रीमियम तिच्या किमतीच्या साधारण ४ टक्के, म्हणजे लाखाच्या सिस्टीमला वर्षाला चारेक हजार. रोड टॅक्स वाचवून कुणी बाहेरची सिस्टीम घेत असेल तर हे दरवर्षीचे चार हजार त्याने हिशेबात धरायला हवेत.

ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतल्या उद्योजकांनी एक गोष्ट नक्की पाहावी. कंपनीच्या नावावर घेतलेल्या वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीत ५ लाखांचे ऑप्शन घेतले तर टॅक्स १ लाख, तेच स्वतःच्या नावावर ६५ हजार. घसाऱ्याचा फायदा सीएकडून मांडून घेताना हा फरक त्याच कागदावर लिहायला सांगा.

बीएच मालिकेला, म्हणजे बदलीच्या नोकरदारांसाठी देशभर चालणाऱ्या नंबरला, पात्र असाल तर हिशेब बदलतो. तिथे इनव्हॉइस किंमत जीएसटी वगळून धरतात, त्यामुळे १० आणि २० लाखांच्या रेषा तुमच्यासाठी बऱ्याच पुढे सरकतात. इलेक्ट्रिक गाडीला तर हा प्रश्नच नाही. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के टॅक्स मार्च २०२५ मध्ये सुचवला होता, तो मागे घेतला गेला.

पासिंग झालं की टॅक्सची पावती मागून घ्या, मग ते एमएच ०४ असो की नवी मुंबईचं एमएच ४३. पावतीवरच्या रकमेला दराने भागा. २,६१,९५० भागिले ०.१३ म्हणजे २०,१५,०००. हा आकडा तुमच्या इनव्हॉइसशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर शोरूमला त्याच आठवड्यात लेखी विचारा, आणि पावती जपून ठेवा. पुढे गाडी दुसऱ्या राज्यात नेली आणि उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागायचा झाला, तर हाच कागद लागतो.