आत्या, गणपती आणि दोन दारं

पुतणीचा नवरा मुंबईहून गोव्याला चतुर्थीसाठी आला तो नवीकोरी कूपे घेऊन. दोन दारांची, मधल्या आकाराची, यंदाच नव्या रूपात आलेली. त्याच्या ऑफिसातले दोघे तीच घ्यायच्या विचारात आहेत. "काका, चालवून बघा आणि चार ओळी लिहून द्या," म्हणाला. मागे मी माझी जुनी गाडी विकायला जाहिरात लिहिली होती. ती इतकी प्रामाणिक झाली की गाडी अजून आमच्याच अंगणात आहे. तेव्हापासून घरात मी वाहनतज्ज्ञ.

तर, घेणाऱ्यांसाठी. रूप झकास. छप्पर मागे उतरत जातं ते माडाच्या झावळीसारखं. पुढची जाळी जुन्या मॉडेलपेक्षा मोठी. बटणं गेली, त्यांच्या जागी पाटाएवढा स्क्रीन आलाय, त्यामुळे एसी कमी करेपर्यंत मये गाव येतं. इंजिनाची ताकद किती ते कळलं नाही, कारण डिचोलीपासून म्हशी पुढे होत्या.

कूपे म्हणजे फ्रेंचमध्ये 'कापलेली'. घोडागाडीच्या काळात समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक कापून टाकला, तेव्हापासूनचं हे नाव. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या मापात मागे 33 घनफुटांपेक्षा कमी जागा असली की ती कूपे. तिकडच्या सरकारी हिशेबात माणसांची जागा आणि डिकी मिळून 110 ते 120 घनफूट भरली की मधला आकार. ही मापं ठरवताना आमच्या आत्याला कुणी विचारलं नव्हतं.

आत्याला मागे बसवायचं म्हणजे पुढची सीट वाकवायची, सरकवायची, मग आत्यानं आधी डोकं घालायचं की पाय यावर चर्चा करायची. तिनं आधी पिशवी घातली. मग एक पाय घातला आणि तशीच उभी राहून म्हणाली, "बाबू, उरलेली मी कुठून येऊ?" शेवटी ती पाठमोरी बसली आणि आम्ही तिला हळूहळू फिरवली.

मूर्ती आणायला चित्रशाळेत आत्याच हवी. गणपती मागे मावेना, छप्पर मुकुटाला लागत होतं. म्हणून देव पुढे, माझ्या डाव्या हाताला. मातीची हातभर मूर्ती, पण सीटला वजन कळतं. गाडी टुंग टुंग करू लागली. देवाला पट्टा लावला तेव्हा कुठे गप्प झाली. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान डिकीत ठेवलं. आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा घड, सगळं गेलं. नारळांचा घोस तेवढा राहिला, तो पोटाशी धरून जावई माझ्या स्कूटरवरून मागोमाग.

वाटेत सात गतिरोधक. प्रत्येकावर गाडी तिरकी घेतली, तरी पोट घासलंच. आत्या दर वेळी "मोरया" म्हणत होती.

खरी परीक्षा दारात झाली. आमची वाट अरुंद, उजवीकडे चिऱ्यांचा गडगा. चार दारांच्या गाडीपेक्षा कूपेचं दार लांब असतं, दोघांचं काम एकालाच करायचं असतं ना. ते वीतभर उघडलं आणि गडग्याला टेकलं. मी अडकलो. आत्याला बाहेर यायचं तर डावी सीट वाकवायला हवी, आणि तिच्यावर पट्टा लावून साक्षात गजानन. ओवाळल्याशिवाय देव उतरवायचा नाही. आणि आमच्याकडे ओवाळते आत्या.

"गाडी मागे घेतो," मी म्हटलं.

"दारात आलेला देव मागे नेतात?" आत्या कडाडली.

वहिनी हातातल्या नेवऱ्या टाकून तबक घेऊन धावली. आत्यानं सूचना द्यायला काच खाली करायचं बटण शोधलं. या कूपेच्या मागच्या काचा उघडतच नाहीत. मग काचेआडून आत्याचे हातवारे सुरू झाले: आधी पायांवर पाणी, मग कुंकू, नाही नाही, आधी निरांजन लाव! वहिनीनं भलताच अर्थ काढून पाणी बॉनेटवर ओतलं. जावयानं डोळे मिटले.

देव घरात गेले, सीट वाकली, आत्या निघाली. डिकीतल्या आंबाड्यांची चटणी झाली होती, तिच्याकडे बघायलाही तिला वेळ नव्हता.

दीड दिवसांनी विसर्जनाला जावई मोठ्या मनानं म्हणाला, "काका, कूपे काढू?" शेजाऱ्याचा टेम्पो दारात उभा होता. आत्या अर्धा तास आधीच त्यात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती, काच पूर्ण खाली करून.